ड्रायव्हरबाईंचा टोचरा स्वेटर

मी एक स्वेटर बोलतोय. राखाडी, जाड, पुढून बटणांचा आणि गळ्याशी उंच कॉलर असलेला. अंगानं दणकट, पण स्वभावानं म्हणाल तर पक्का भित्रा. कपाटातल्या कसरीला भितो, कढत पाण्याला भितो, कात्रीचं तर नावच काढू नका. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. ज्या हातांनी मला विणलं, तेच हात आज सकाळपासून मला उसवत बसलेत. डावी बाही कोपरापर्यंत गेलीसुद्धा. तेव्हा आहे तोवर बोलून घेतो.

हे हात आहेत सासूबाईंचे. मला त्यांनी सुनेसाठी विणलं. सून शाळेची बस चालवते. डेपोतले लोक तिला ड्रायव्हरबाई म्हणतात, बसमधली मुलं मावशी म्हणतात. नवरा मालवाहू बोटीवर, घरी येतो तो पाहुण्यासारखा. म्हणजे घरात या दोघीच.

त्या वर्षी सुनेला एकाएकी थंडी वाजायला लागली होती. लोक पंखे लावून बसायचे आणि ही भर दुपारी हात चोळत असायची. सासूबाई लोकर आणायला गेल्या. दुकानदारानं मऊ लोकर पुढे केली, तर म्हणाल्या, मऊ लोकर दोन धुण्यांत ढेपाळते, अस्सल दाखवा. ते अस्सल म्हणजे मी. चष्मा नाकावर सरकवत, टाके मोजत, चुकलं की स्वतःलाच शिव्या देत त्यांनी मला पुरं केलं. त्यांच्या मांडीवर होतो तेवढे दिवस मला कसलीच भीती नव्हती.

मग सुनेनं मला अंगात घातलं आणि माझं धाबं दणाणलं. तिची कातडी इतकी कोरडी होती की नडगीवरून कोंडा झडायचा. कोपरं भेगाळलेली, मान लाल. त्यावर मी, काटेरी! ती आरशात बघून म्हणाली, “छान ऊब आहे, आई.” आणि सासूबाई वळल्याबरोबर कॉलरमध्ये बोट घालून खाजवायला लागली. ती मला रोज घालायची आणि रोज खाजवायची. एक दिवस ही मला कचऱ्यात टाकणार, या भीतीनं मी खुंटीवरही आक्रसून असायचो.

पण टाकणं राहिलंच, तीच दिवसेंदिवस ढासळत गेली. केस मूठभर गळायचे. सकाळी चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बोलणं रेंगाळत. गॅसवर कुकर ठेवून शिट्ट्या ऐकायची विसरायची. शेवटी ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा मी अंगावरच होतो. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, थायरॉईड मंदावलंय. गळ्यातली एवढीशी ग्रंथी, पण तिनं काम सोडलं की सगळं अंगच सुस्त पडतं. गोळी दिली आणि बजावलं, सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. कॅल्शियमची गोळी वेगळी, संध्याकाळी. मी नीट ऐकलं. माझ्यासारखी भित्री माणसं सूचना फार नीट ऐकतात.

घरी येऊन तिनं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. रिकाम्या पोटी औषध? पोटात आगडोंब उसळेल! आणि हिच्या डोक्यात सकाळचं संध्याकाळी राहत नाही, दुसरी गोळी आठवणार कोणाला? झालं. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट दूध आणि तळहातावर दोन्ही गोळ्या एकदम. सुनेनं एकदोनदा, “आई, डॉक्टर म्हणाले होते,” असं सुरू करून पाहिलं. पण पहाटे उठून कोणी आपल्यासाठी दूध तापवून उभं राहिलं, की पुढचं वाक्य ओठांबाहेर येत नाही. ती दूध पिऊन कामावर जायची. पुढे पुढे तर डॉक्टर काय म्हणाले होते हे तीही विसरली.

गोळीचा डोस वाढला, गुण मात्र येईना. मी खुंटीवरून ते दूध बघायचो आणि जीव टांगणीला लागायचा. लोकरीला वाचा नसते हो, नाहीतर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

त्यात डेपोतली ती पार्टी. सगळ्यांत जुना ड्रायव्हर, त्याला सगळे मामा म्हणायचे, निवृत्त होत होता. बाटल्या आल्या. ही कधी घेत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तिला दारू सोसतच नाही. पण लोक चिडवायला लागले, मामांच्या निरोपाला एक घोट नाही? फार सोवळ्यातल्या बुवा! मामांचं मन मोडू नये म्हणून तिनं ग्लास ओठाला लावला. एकच घोट. थोड्या वेळात माझ्या कॉलरखाली तिची मान तव्यासारखी तापली, गांधी उठल्या, छाती अशी धडधडायला लागली की माझी बटणं हलली. श्वासाला शिट्टी वाजत होती. मला वाटलं, संपलं सगळं, ही माझ्यातच जाणार. आणि लोक हसत होते, एवढ्यातच चढली! एकट्या मामांनी स्वतःचा ग्लास खाली ठेवला, खिडकी उघडली आणि तिला दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

ती वाचली, पण नाव गेलं. बाई पितात, ही बातमी डेपोतून थांब्यापर्यंत पोचली. सुजलेले डोळे, घोगरा आवाज, रेंगाळणारी जीभ, पुरावा सगळा चेहऱ्यावरच होता. जिला घोटभर सोसत नाही तिच्यावर पिण्याचा आळ! एका मुलाची आई तर मुलाला चढवताना मुद्दाम जवळ येऊन हिच्या तोंडाचा वास घेऊन गेली. डेपोच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, आणखी एक तक्रार आली तर बस काढून घेईन.

इथून पुढे मला खरी भीती वाटायला लागली. कारण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. तिला गाडी चालवताना झोप यायची. सिग्नलला थांबली की तिची हनुवटी माझ्यावर टेकायची. ती दचकून मान झाडायची, गालावर चापट मारून घ्यायची. पण सांगणार कोणाला? सांगितलं तर बस जाणार. न सांगावं तर मागे मुलं बसलेली. इकडे आड तिकडे विहीर. माझी एकेक वीण ताठ व्हायची.

आणि व्हायचं ते झालं. थंडीची सकाळ, बस मुलांनी भरलेली, पुढे उतार आणि उताराच्या टोकाला पूल. तिचे हात सैल पडल्याचं मला बाह्यांत कळलं. बस हळूहळू कठड्याकडे सरकत होती. मुलं आपली गाणी म्हणत होती. मला ओरडता येत नव्हतं, हलता येत नव्हतं, अशी भीती मी वैऱ्यालाही चिंतणार नाही. तिची मान लवली आणि माझ्या कॉलरवर घासली, नेमकी पार्टीच्या दिवशी गांधी उठल्या होत्या तिथेच. ती खाडकन जागी झाली. ब्रेक लागला. बस पुलाच्या अलीकडे, एक चाक फुटपाथवर चढवून उभी राहिली.

गाणी थांबली. मागून एक बारीक आवाज आला, “मावशी, शाळा आली?”

कोणी पाहिलं नव्हतं. चाक खाली घेऊन ती निघाली असती तर कोणाला कळलंही नसतं. तिनं किल्ली काढली. डेपोत फोन लावला.

“साहेब, दुसरा ड्रायव्हर पाठवा,” ती म्हणाली. “मला झोप लागली होती. मुलं गाडीत आहेत, मी आता चालवणार नाही.”

साहेब स्वतः आले, दारू तपासायचं यंत्र घेऊन. तिनं फुंकर मारली. शून्य. साहेबांनी यंत्र झटकलं, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य.

“मग झालंय काय तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“हे आज पहिल्यांदा विचारताय,” ती म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. मामा डेपो सोडून गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

बस तिच्याकडून काढून घेतली. डॉक्टरांकडे या वेळी सासूबाईही आल्या. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशी घेता? सासूबाईच अभिमानानं म्हणाल्या, “मी स्वतः देते. दुधाबरोबर, कॅल्शियमच्या गोळीसकट. एक दिवस चुकवला नाही.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग शांतपणे समजावलं, दूध आणि कॅल्शियम त्या गोळीला पोटातच अडवून धरतात, अंगाला लागूच देत नाहीत. मग तिची मान बघितली आणि म्हणाले, लोकर कातडीला लागू देऊ नका.

तेव्हापासून सासूबाई सकाळी सुनेला नुसतं पाणी देतात आणि दुधाचं पातेलं झाकून त्याच्यापाशी बसतात, जणू कोणी चोरून पाजेल. कॅल्शियम संध्याकाळी. पुन्हा रक्त दिलंय, त्याचा रिपोर्ट आज मिळायचा आहे. तो बघून बस द्यायची की नाही ते साहेब ठरवणार. म्हणून आज सासूबाईंचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि टोक ओढलं. मी रडलो नाही. टोचतो तर जायलाच हवं.

आता सून आतून तयार होऊन आली आहे. माझी बाही बघून थबकली.

“आई, हे काय करताय?”

“माझं दूधही तुला बाधलं आणि माझी लोकरही,” सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. “निदान एक तरी मोडून टाकते.”

सून त्यांच्याशेजारी बसली. त्यांचा हात धरला. “पुलावर हाच टोचला म्हणून मी जागी झाले, आई. नका उसवू.”

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे मी तिथे होतो, पण तिला कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ही मला केवळ सासूबाईंच्या भिडेखातर घालते.

सासूबाईंनी दोरा सोडला. मला खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, दीड बाहीचा, आणि पदर डोळ्यांना लावला. सून सुती जाकीट घालून निघालीसुद्धा. रिपोर्ट काय येतो, देव जाणे. मला भीती वाटतेच आहे, ती कुठे जाणार? पण तुम्ही बाहेरचे लोक, तुम्हाला एक सांगतो. सुजलेल्या डोळ्यांची, घोगऱ्या आवाजाची एखादी बाई भेटली तर आधी तिच्या तोंडाचा वास घेऊ नका. काय होतंय ते विचारा. नको म्हणाली तर ग्लास पुढे करू नका. आणि आज ती दिसलीच, तर जाकिटाचं वरचं बटण लावायला सांगा. बाहेर गार आहे, आणि मी घरी आहे.