विटेची एक ओळ

"हे आठ फूट नाहीत बाई," पाणीखात्याचे साहेब टेपवरचं बोट न काढता म्हणाले. "सात फूट चार इंच आहेत."

सगळी गल्ली जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, तिचं ओट्यावरचं शिलाई मशीन थांबलं. टेपचं एक टोक तिच्याच ओट्याच्या कडेला टेकलेलं होतं आणि दुसरं समोरच्या गवंडिणीच्या ओट्याला.

"नकाशात आठ लिहिलेत, साहेब," महिला मंडळाची ताई म्हणाली.

"लिहायला काय जातंय? खोदाईच्या गाडीला आठ फूट लागतात. तेवढे नसतील तर पाइप मोठ्या रस्त्यापर्यंतच येईल. तिथं एक नळ बसवून देऊ."

एक नळ तर आजही होता. गल्लीच्या अलीकडे, खालाच्या बाजूला, मुसलमानांची घरं, पलीकडे, गवंडिणीच्या बाजूला, दलितांची, मिळून सव्वाशे, आणि सगळ्यांच्या बायका रोज त्या एका नळापाशी बादल्या लावून ताटकळत उभ्या. दोन्ही बाजूंच्या बायकांचा एकमेकींशी संबंध यायचा तो तिथल्या भांडणापुरता. खात्याचा माणूस माप घ्यायला या गल्लीत कधी फिरकला नव्हता. मग ताईने कंबर कसली. ती पलीकडच्याच बाजूची, शिकून परत आलेली. तिने दोन्हीकडच्या अकरा बायका गोळा केल्या, त्यांना मापं घ्यायला आणि नकाशा काढायला शिकवलं. आठ महिने खेटे घातल्यावर खात्याने तो नकाशा मान्य केला होता.

"इथलं माप कुणी घेतलं होतं?" ताईने विचारलं.

"मी," खाला म्हणाली.

मंडळाची लांब टेप त्या दिवशी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होती. खालाला कुठला दम निघतोय! म्हणाली, अडलंय कुठे, माझी शिलाईची आहे की. ती टेप साठ इंचांची, म्हणजे गल्लीला दोनदा लावावी लागली. आणि चाळीस वर्षं कपडे बेतलेल्या तिच्या हाताने दोन्ही वेळा, दोन्ही टोकांना, दोन-दोन इंच जास्तीचे धरले. शिवणीत कापड कमी पडू नये म्हणून शिवणारी प्रत्येक बाई धरते तसे. तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आता तिने मनातल्या मनात बेरीज केली: बरोबर आठ इंच.

"अगं, मी गल्ली कापडासारखी बेतली गं," ती ताईला म्हणाली.

साहेबांना हसू फुटलं. माणूस वाईट नव्हता. "काय हो आजी, धुतल्यावर आटेल असं वाटलं की काय गल्ली?" मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "कागद आज वर जायचाय. मी तीन वाजेपर्यंत शेजारच्या वस्तीत आहे. त्यानंतर माझ्याही हातात काही नाही."

ते गेले आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. "या वयात नसती उठाठेव कुणी सांगितली होती?" असं कुणीतरी म्हणालं. आवाज खालाच्याच बाजूचा होता, म्हणून जास्त लागला.

"माझा ओटा पाडा," खाला उठून म्हणाली. "सगळा पाडा."

"आणि मशीन कुठं ठेवशील?" ताईने विचारलं. खालाच्या खोलीत भरदुपारी सुईत दोरा ओवता येत नसे. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं तिचं पोट त्या ओट्यावरच्या उजेडावर चाललं होतं.

"सव्वाशे घरांचं पाणी घालवून उजेडात बसू का मी?"

समोरच्या दारातून गवंडीण छन्नी-हातोडा घेऊन बाहेर आली. अंगात नवऱ्याचा जुना सदरा, बाह्या वर सरकवलेल्या. बारा वर्षं दुसऱ्यांच्या बांधकामांवर तिने डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. मंडळाने बायकांसाठी गवंडीकामाचा वर्ग काढला तेव्हा पहिलं नाव तिचं. स्वतःच्या दारातला हा ओटा तिचं पहिलं काम. बाई कुठं गवंडी असते का, असं जो कुणी म्हणेल त्याला ती हाताला धरून इथं आणायची आणि सांगायची, लावा ओळंबा आणि बघा कड सरळ आहे का.

"सगळा कशाला पाडायचा?" ती म्हणाली. "विटेची एक ओळ काढली की चार इंच सुटतात."

"आणि बाकीचे चार?" ताईने विचारलं.

गवंडिणीने स्वतःच्या ओट्यावर सुतळी ताणून रेघ मारली आणि पहिला घाव तिथंच घातला.

"अगं, तो नको!" खाला ओरडली. "चूक माझी आहे. माझाच तोड!"

"तुमच्या दोन ओळी काढल्या तर ओट्याचं राहील काय? गल्ली दोघींची आहे, खाला. सरका बाजूला, डोळ्यात कण जाईल."

मग मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. मघाशी कुजबुजलेली बाईसुद्धा पदर खोचून घमेलं घेऊन आली. अलीकडच्या विटा पलीकडे आणि पलीकडच्या अलीकडे, कोण कुणाच्या उचलतंय याचा कुणाला पत्ता नव्हता. गवंडिणीने दोन्ही कडा सरळ करून गिलावा फिरवला, तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती.

ताईने बोलावून आणलेल्या साहेबांनी टेप लावली. एकदा लावली, परत लावली. आठ फूट.

"नकाशा दुरुस्त करायला नको साहेब," ताई म्हणाली. "आम्ही गल्लीच दुरुस्त केली."

साहेबांनी ओल्या कडेकडे नीट पाहिलं. "हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं. सगळ्याजणींनी गवंडिणीकडे बोट दाखवलं. सही करण्याआधी त्यांनी पायातला बूट त्या कडेपासून जपून मागे घेतला.

गर्दी पांगल्यावर खालाने मशीन ओट्यावर ठेवून पाहिलं. चार इंचांनी घात केला होता. मशीन मावत होतं, पण तिला बसायला जागा उरली नव्हती. गवंडिणीने येऊन मशीन उचललं, गल्ली ओलांडली आणि आपल्या खोलीत खिडकीखाली नेऊन ठेवलं.

"इथं उजेड असतो. मी दिवसभर कामावर. तू बसत जा."

खाला उंबऱ्याशी थबकली. एकोणीस वर्षं समोर राहून तिला या घराचा फक्त दरवाजा माहीत होता. चपला काढून ती आत गेली.

"तुझं पहिलं काम होतं गं ते. कसे फेडू मी तुझे उपकार?"

"ही बाही फाटलीय, ती शिव," गवंडीण भिंतीला टेकून बसत म्हणाली आणि तिने हात खालाच्या मांडीवर ठेवला.

खालाने सुई ओवली. अंगावरच्या सदऱ्याला तिने बारीक, दाट टाके घातले. पाच-सहा टाके झाले असतील, तोवर गवंडिणीचा डोळा लागला. केसांत विटांचा चुरा तसाच होता. खालाने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "खाला, नळाच्या रांगेत नंबर आला तुझा!"

खाला हलली नाही. तो जड हात तिने मांडीवर तसाच धरून ठेवला.