आग्नेलचा मिठागराचा गेम

लेस्टर गेमचे रिव्ह्यू करायचा, तेही मराठीत. वसईच्या वाडीतल्या घरी, माडीवर त्याचा कॅमेरा मांडलेला असे. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय तो त्याबद्दल बोलत नसे आणि कुठे बिघडलंय ते स्पष्ट सांगे. एका मोठ्या कंपनीने कौतुकाने पाठवलेल्या गेमबद्दल तो म्हणाला होता, "हा खेळण्यापेक्षा झोपा काढा." म्हणून नायगावपासून विरारपर्यंतची पोरं नवा गेम घेण्याआधी एकमेकांना विचारत, "लेस्टर काय बोलला?" या विश्वासापलीकडे त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

आग्नेल गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायचा. घरी बसून त्याने स्वतः एक गेम बनवला. भरती चढायच्या आत मिठागरातलं मीठ काढायचं आणि बांध फुटू द्यायचा नाही, असा तो खेळ. त्याची आई सालोमी म्हणजे लेस्टरची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर धरलं होतं. ती केळ्यांचा फणा घेऊन स्वतः आली.

"आग्नेलबद्दल चांगलं बोल हां, लेस्टर. लोक तुझं ऐकतात रे."

"खेळून बघतो, मावशी."

लेस्टर खेळायला बसला. पाणी, बांध, पांढरे ढीग, सगळं सुरेख केलं होतं. पण अर्ध्यावर आलं की सेव्ह पुसला जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कितीदाही खेळलं तरी तो पुढे जाईना.

त्याने वडिलांना, सेबॅस्टियनला, विचारलं. गावात लग्न असलं की मटणाच्या हंड्यातली पहिली चव सेबॅस्टियनला देत. चार माणसांसमोर तो मोठ्याने म्हणे, "बरं झालंय!" मग आचाऱ्याच्या कानाशी जाऊन काय कमी आहे ते सांगे. लग्नघराची लाज मांडवात काढायची नाही, अशी रीत होती.

"पप्पा, म्हणजे तुम्ही मांडवात खोटंच बोलता?"

"खोटं कसलं? आचाऱ्याला खरं सांगतोच ना. पाहुण्यांना कशाला?"

"आणि त्याने ऐकलं नाही तर?"

"न ऐकून जातो कुठे? हंडा अजून चुलीवरच असतो."

लेस्टरला ते पटलं. त्याने आग्नेलला फोन केला. "सेव्ह पुसला जातोय. आधी तेवढं नीट कर, मग गेम बाहेर काढ."

"करतो रे, करतो."

मग तो कॅमेऱ्यासमोर बसला. "आपल्या मातीतला गेम आहे. मी शेवटपर्यंत खेळलोय. आला की बिनधास्त घ्या."

सालोमीने तो व्हिडिओ चर्चच्या दारात सगळ्यांना दाखवला. आग्नेलच्या फोनवर "कधी येतोय?" असे मेसेज सुरू झाले. लेस्टर शेवटपर्यंत पोचला, म्हणजे बिघाड काही तेवढा मोठा नसणार, असं आग्नेलने मनाशी ठरवलं. त्याच दिवशी त्याने गेम होता तसाच बाहेर काढला आणि कारखान्यात राजीनामा दिला.

गेम घेतलेल्या सगळ्यांचा सेव्ह अर्ध्यावर पुसला गेला. विरारची अनुष्का लेस्टरचे व्हिडिओ पहिल्यापासून बघायची. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, शेवटपर्यंत खेळलो म्हणालास. तुझा सेव्ह नाही गेला?"

लेस्टर उत्तर लिहायला बसला. तोवर कुणीतरी नातं शोधून काढलं.

"धर्ममातेचा मुलगा आहे तो! बाप्तिस्म्याचं कर्ज फेडलं याने."

"धर्ममातेकडून केक मिळाला का रे लेस्टर?"

लेस्टरने दुसरा व्हिडिओ केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. लोक म्हणाले, पकडला गेला म्हणून कबूल करतोय. मग त्याचे जुने रिव्ह्यू उकरून निघाले. जे गेम त्याने खरोखर वाईट होते म्हणून झोडपले होते, त्यांच्याखालीही लिहिलं जाऊ लागलं, "इथे कुणी नातेवाईक नव्हता वाटतं."

काही आठवड्यांनी आग्नेल माडीवर आला. बराच वाळला होता.

"फोनवर स्पष्ट सांगितलं होतं मी," लेस्टर म्हणाला.

"सांगितलंस. पण मला एक आणि लोकांना दुसरं. मी लोकांना सांगितलेलं धरून चाललो. व्हिडिओत तू कधी खोटं बोलत नाहीस, असं मलाही वाटायचं ना."

लेस्टरने त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"सेव्ह दुरुस्त केलाय," आग्नेल म्हणाला.

"दे मग. या वेळी खरंच शेवटपर्यंत खेळतो. जे असेल ते बोलतो."

"अनुष्काला पाठवलाय. तिने मला उभा-आडवा झाडला होता. ती चांगला म्हणाली तर लोक मानतील."

"आणि मी म्हणालो तर?"

आग्नेल निघायला उठला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन तो थांबला.

"तर यातही काहीतरी गडबड आहे, असं धरतील. रागाने नाही बोलत रे. तू काही बोलू नकोस, एवढंच कर."

अनुष्काने आपल्या फोनवर साधाच व्हिडिओ केला. गेम आता चांगला चालतो म्हणाली. पोरं परत खेळू लागली.

लेस्टरनेही तो घेतला आणि शेवटपर्यंत खेळला. गेम चांगला होता. तो कुठेच काही बोलला नाही.