पाचवी बरणी

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आत्या नवे बूट घालून निघाली आणि दालनात पोचेपर्यंत तिच्या टाचा सोलवटल्या. तरी तिची तक्रार नव्हती. सख्ख्या भावाची लेक, जिला तिने हाताला धरून चाकावर बसवलं होतं, तिचं नाव आज दारावर हातभर अक्षरांत लागलं होतं.

त्या भागातल्या कुंभारणींची एक जुनी रीत होती. तांबड्या बरणीला पांढऱ्या मातीचा पातळ हात द्यायचा आणि तो पुरता वाळायच्या आत सुईने खरडून घरात घडलेलं चितारायचं. गोष्ट तळाशी सुरू होऊन गळ्यापाशी संपायची. ही रीत जाणणाऱ्या आता तिघीचौघीच उरल्या होत्या, त्यांतली एक आत्या. भाचीने त्याच रीतीने सात मोठ्या बरण्या केल्या होत्या. साती बरण्यांवर घराण्यातल्या बायका.

आत्या एकेक बरणी खालून वर वाचत गेली. भांडकुदळ पणजीला ओळखून ती हसली, आईच्या बरणीपाशी तिने डोळे टिपले. पोरीचा हात चांगला बसलाय, तिला वाटलं. मग ती पाचव्या बरणीपाशी आली.

तळाशी चाकावर बसलेली बाई. तिच्या वरच्या बाजूला पेटी घेऊन निघालेला पाठमोरा पुरुष. त्याच्या वर तीच बाई, गुडघ्यांत डोकं घालून. आणि गळ्याभोवती नुसते थेंब. शेजारी पाटी होती: ‘टाकलेली. कलावंताच्या आत्याला नवरा सोडून गेला. तिचे मूक अश्रू या मातीत मुरले आहेत.’

आत्याने पाटी दोनदा वाचली. सोललेल्या टाचांचं तिला भानच राहिलं नाही.

नवरा तिला सोडून गेला नव्हता. तिने त्याला घालवलं होतं. बरण्या ती घडवायची. भट्टी लावणं आणि माल बाजारात नेणं त्याच्याकडे. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर एका गिऱ्हाइकाच्या घरी तिने आपलीच बरणी सहज उलटी केली, तर तळाला नवऱ्याच्या नावाचा शिक्का. भट्टीत ठेवण्याआधी तो गुपचूप उमटवायचा. गिऱ्हाईक तिलाच सांगत होतं, “तुमच्या यजमानांच्या हातात जादू आहे हो.” त्या दुपारी तिने त्याचे कपडे पेटीत भरले, पेटी रस्त्यावर ठेवली आणि दाराचं कुलूप बदललं. मग पोटभर जेवली. रडायला तिला सवडही नव्हती, भट्टी भरायची होती.

भाची पाहुण्यांच्या घोळक्यात उभी होती. आत्या सरळ तिच्यासमोर गेली.

“चिमे, पाचव्या बरणीवरची बाई कोण?”

“तूच की. आवडली?”

“मी कधी रडले?”

दालनाची व्यवस्थापिका लगबगीने पुढे आली. “आत्याबाई, सगळे त्या बरणीपाशीच थांबतात. संग्रहालयानंही नेमकी तीच निवडलीय.”

“तुम्ही जरा थांबा. मी हिला विचारतेय.”

“आपण घरी बोलू ना, आत्या,” भाची हळूच म्हणाली.

“पाटी काय घरी लावलीस?”

एवढं बोलून आत्या निघून आली.

दुसऱ्या दिवशी भाची तिच्या कामाच्या खोलीत आली तेव्हा आत्या तारेने मातीचा गोळा कापत होती. तिने बस म्हटलं नाही.

“तुला खरं ठाऊक नव्हतं, असं सांग आणि जा,” ती म्हणाली.

भाची दारातच उभी राहिली. “ठाऊक होतं. बाबांनी सांगितलं होतं. कागदावर मी आधी तेच काढलं होतं. पण व्यवस्थापिका म्हणाली, चिडलेल्या बाईपाशी लोक थांबत नाहीत. रडणारीपाशी थांबतात.”

आत्याने तार खाली ठेवली. “त्याने माझ्या बरण्यांवर स्वतःचं नाव घातलं. तू माझ्या नावावर भलतीच बाई घातलीस. त्याला निदान माझी गोष्ट बदलायची अक्कल नव्हती. जा आता.”

अंगठ्याचे सांधे दुखतात म्हणून आत्याने चार वर्षांत मोठी बरणी केली नव्हती. त्या दिवशी तिने माती अशी आपटली की शेजारीण डोकावून गेली. बरणी एका दमात उभी राहीना, तेव्हा तिने दोन भाग करून जोडले. तिच्यावर सुईने शिक्का काढला, पेटी काढली, कुलूप काढलं. गळ्यापाशी ताटावर बसून जेवणारी बाई काढली.

तीन आठवड्यांनी, भाजलेली बरणी मांडीवर घेऊन ती बसने दालनात गेली आणि पाचव्या बरणीला खेटून खाली ठेवली.

“असं ठेवता येत नाही,” व्यवस्थापिका धावत आली. “परवानगी लागते.”

“बरं. मग या पाचवीसाठी माझी घेतलेली परवानगी दाखवा.”

व्यवस्थापिका फोन करायला गेली. आत्या खुर्ची ओढून बसली आणि समोर आलेल्या पहिल्याच माणसाला बरणी वाचून दाखवू लागली, तळापासून वर. तासाभरात वीसेक जण जमले. एका म्हाताऱ्याने विचारलं, “पेटीचं काय झालं पुढे?”

“संध्याकाळी आला होता. कुलूप दोनदा हलवून बघितलं, पेटी उचलली, गेला.”

लोक हसले. मागे भाची येऊन उभी होती. ती हसली नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग पुढे होऊन नखांनी पाटी उचकटली आणि व्यवस्थापिकेला सांगितलं की ही बरणी प्रदर्शनातून काढायची, संग्रहालयालाही द्यायची नाही. व्यवस्थापिका म्हणाली, पुन्हा या दालनात पाऊल ठेवू नकोस. भाची बरं म्हणाली.

दोघींनी मिळून दोन्ही बरण्या गाडीत ठेवल्या.

“पाचवी फोडून टाकू?” भाचीने विचारलं.

“कशाला? काम चांगलं आहे. खोटं आहे, इतकंच.”

आत्याने तिला माफ केलं असं मात्र कुणी समजू नये. भाची दर रविवारी येते आणि समोर बसते. आत्या माती मळता मळता जुनं काही सांगते. मध्येच भाची विचारते, “हे काढू का मी?” आत्या कधी हो म्हणते. बहुतेकदा नाहीच म्हणते, आणि भाची वही मिटते.