ब्रायरहिलला घरचा पोरगा हवा होता

ब्रायरहिल गावाच्या बर्फावरच्या हॉकी संघात ब्रायरहिलचा एकही पोरगा नाही, ही गोष्ट लोरेटा क्लासनला वर्षानुवर्षं खुपत होती. आणि खुपलेलं मनात ठेवणाऱ्यांतली ती बाई नव्हे. सकाळी मैदानाच्या कँटीनमध्ये म्हाताऱ्यांचं कॉफीचं टेबल भरलं, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"पोसायचं आपण, आणि पोरं जाणार मोठ्या शहरांत! हा कुठला न्याय?"

पोसायचं हे अगदी खरं होतं. बाहेरगावाहून खेळायला आलेली पोरं गावातल्या घरांतच राहायची, त्या घरच्या बाईच्या हातचं जेवायची. लोरेटाने अशी इतकी पोरं वाढवली होती, की मोजणं सोडून दिलं होतं. दोन-तीन हिवाळे खेळायची, मग तिला मिठी मारून जायची. पुढे नाताळचं कार्डसुद्धा नाही मेल्यांचं!

"अर्ध्या खुर्च्या रिकाम्या पडतात," ती गार्थला सुनवायची. गार्थ संघाचा मॅनेजर. "लोकांनी यायचं कशाला? शेजारच्याचा पोरगा खेळणार असेल तर येतील ना? जवळपासची पोरं घ्या. ती टिकतात."

"अहो लोरेटा, मी खेळ बघू की पत्ता बघू?"

"दोन्ही असलेला आहे की!"

म्हणजे तिचा नातू, कोल्टन. पंधरा वर्षांचा, हॉकीची चकती घेऊन बर्फावर असा पळायचा की बघत राहावं. दर वसंतात लीगमधले संघ त्या वयाची पोरं आळीपाळीने निवडतात. ज्याने निवडलं त्याचा तो पोरगा. यंदा ब्रायरहिलचा नंबर तिसरा होता आणि कोल्टन तोवर नक्की उरणार होता.

"घे रे बाबा," एब पेनर म्हणायचा. एब म्हणजे त्या टेबलाचा पुढारी. "मागे आपल्या गावच्या जेरेड फ्रीसनला घेतलं होतं, तेव्हा कसं दणाणायचं मैदान! बिचाऱ्याचा गुडघा गेला, नाहीतर आज कुठच्या कुठे असता."

शेवटी गार्थ कबूल झाला. लोरेटाने गाव डोक्यावर घेतलं.

निवडीच्या दिवशी सगळं गाव मैदानाच्या हॉलमध्ये जमणार होतं. लोरेटाने पहाटे उठून वारेनिक्यांच्या, म्हणजे पनीर भरलेल्या उकडीच्या करंज्यांच्या, परातीच्या पराती केल्या आणि त्या उचलायला कोल्टनला बोलावलं. ट्रकमध्ये ती एकटीच बोलत होती. धान्याच्या कोठारापाशी आल्यावर त्याने तोंड उघडलं.

"आजी, गार्थला सांग, मला घेऊ नको."

"काय?"

"मला घेऊ नको म्हणावं. तुझं ऐकेल तो."

लोरेटाने ट्रक कडेला चिखलात घातला. "डोकंबिकं फिरलं का तुझं? कुणी काही बोललं?"

"अजून नाही."

"अजून नाही म्हणजे?"

"जेरेडला बोलले ना."

"जेरेडला? अरे, गावाने डोक्यावर घेतलं होतं त्याला! तो गुडघा गेला म्हणून..."

"त्याच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं, आजी."

लोरेटाने इंजिन बंद केलं.

"त्यांच्या शेतातल्या गोठलेल्या तळ्यावर हिवाळाभर तोच तर शिकवतो मला. अजून माझ्यापुढे पळतो. पण गावातल्या मैदानात पाय टाकत नाही. त्याच्याकडे चकती आली की अख्खं मैदान हंबरायचं. आठवतं?"

आठवत होतं. फ्रीसनांचा दुधाचा धंदा, म्हणून हंबरायचे. सगळे पोट धरून हसायचे.

"अरे, गंमत होती ती! आपल्याच माणसाची करतो ना आपण? त्याच संघातल्या त्या व्हँकुव्हरहून आलेल्या पोराची केली का कधी?"

"तेच तर! तो चुकला की 'असू दे बाळा, होतं असं!' तो पाहुणा ना. जेरेडला शाळेत हंबरायचे, पेट्रोल पंपावर हंबरायचे. त्याची आई चर्चमध्ये आली, तर मागच्या बाकावरून कोणीतरी हंबरलं. त्या दिवशी त्याने घरी जाऊन सांगितलं, गुडघा गेला म्हणून सगळ्यांना सांगा."

"चर्चमध्ये? कोण मेलं इतकं निर्लज्ज..."

"आणि पहिल्यांदा कोण हंबरलं, माहितीये? तू." कोल्टन समोरच्या काचेकडे बघत होता. "मी तुझ्या शेजारी होतो. लहान होतो. मला इतकं हसू आलं, की मीपण हंबरलो."

आपण? आपण सुरुवात केली? लोरेटाला तो दिवस आठवेना. सगळे हसत होते तेवढं मात्र आठवत होतं. मागच्या परातींतून गरम लोण्याचा वास येत होता. तिने काच खाली केली आणि ट्रक सुरू केला.

हॉलमध्ये पाय ठेवताच टाळ्या पडल्या. लोरेटा सरळ गार्थपाशी गेली.

"कोल्टनला घेऊ नका."

गार्थ हसला. मग त्याचं हसू विरलं. "लोरेटा, थट्टा करताय का?"

"नाही. तो इथे खेळणार नाही. घेतलंत तरी येणार नाही."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"अगं, पण तूच तर..." एब उठून उभा राहिला. "वर्षभर आमचं डोकं खाल्लंस! आता गाव परकं झालं?"

जेरेडचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोर हंबरणारेच सगळे उभे होते आणि त्यांची म्होरकी ती होती. ती तशीच बाहेर आली. परातींना कुणी हात लावला नाही.

घरी जाताना तिने ट्रक फ्रीसनांच्या फाटकाशी थांबवला. उतरून दोन शब्द बोलावेत, एवढंच मनात होतं. तेवढ्यात गोठ्यातून एक गाय हंबरली. लोरेटाने ट्रक फिरवला.

कोल्टनला अल्बर्टातल्या एका संघाने उचललं. दोन हिवाळ्यांनी तो ब्रायरहिलला आला तो लाल जर्सी घालून, पाहुण्यांच्या बाजूने. कॉफीचं टेबल आता लोरेटाशी पुन्हा बोलू लागलं होतं, म्हणून एब तिच्या शेजारीच बसला होता. कोल्टन छान खेळत होता. शेवटी शेवटी मात्र त्याने आपल्याच गोलसमोर चकती आडवी दिली, ब्रायरहिलच्या पोराने ती मधेच पकडली आणि गोल केला. मैदान दणाणलं. कोल्टन मान खाली घालून उभा राहिला.

एब सवयीने उठला. दोन्ही हात तोंडाशी धरले, छाती भरून घेतली. लोरेटाने त्याची बाही घट्ट धरली.

एबने तिच्याकडे पाहिलं, मग त्या लाल जर्सीकडे पाहिलं. हात खाली घेतले.

"छे गं, त्याला काय बोलायचं?" तो म्हणाला. "दुसऱ्याचं पोर."

मग चांगल्या मऊ आवाजात त्याने हाक दिली, "असू दे बाळा, होतं असं!"

आजूबाजूच्या दोघा-चौघांनी टाळ्याही वाजवल्या. कोल्टनने वर बघून पाहुण्यासारखा हात हलवला. त्याला कुणी हंबरू नये, हेच तर हवं होतं लोरेटाला. तरी कुणीतरी फाडकन थोबाडीत दिल्यासारखी ती बसून राहिली, एबची बाही हातात तशीच. हेच शब्द तीही आयुष्यभर किती पोरांना म्हणाली होती, आणि त्यांतलं एकही परत आलं नव्हतं.