कच्च्या टाक्याची गाठ

कादंबरी माझ्या धाकट्या नणंदेने आणून दिली. "वहिनी, हातातली कामं उरकून मगच उघडा," असं बजावून गेली, आणि मी नेमकी एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धवट टाकून उघडली.

गोष्ट एका घरातली. नवरा मवाळ, बायको भित्री. घरातल्या वस्तू जागा बदलतात आणि बायकोने विचारलं की नवरा मायेने म्हणतो, "विसरली असशील." मला त्या माणसाचा पहिल्या काही पानांतच राग आला. इतका गोड बोलणारा नवरा मी तरी पाहिलेला नाही. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, आणि बोलण्याच्या बाबतीत स्वतःच बंद पडलेलं घड्याळ आहेत. दिवसातून दोनदा बरोबर बोलतात, तेही पान वाढलं की.

आमची बाहेरची खोली हाच आमचा कारखाना. खिडकीशी त्यांचं टेबल, समोरच्या भिंतीला माझं मशीन, मध्ये गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा. शिवता शिवता मी दोन-चार पानं वाचायची आणि खूण म्हणून हिरवा दोरा ठेवायची. एकदा कपडे पोचवून परत आले, तर दोरा भलत्याच पानात. पुस्तकाला हात लावलात का, असं मी विचारलं. कादंबऱ्या म्हणजे खोट्या माणसांच्या भानगडी, असं जन्मभर म्हणत आलेला हा माणूस. मान वर न करता म्हणाले, "विसरली असशील."

नेमके पुस्तकातल्या नवऱ्याचेच शब्द.

तेव्हापासून हाताला काम सुचेना. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही. पुढे टेबलाच्या खालच्या खणाला कुलूप लागलं. त्यात घड्याळाचे भाग धुवायच्या जहाल औषधाची बाटली, तेलाच्या कुप्या असलं काहीबाही असतं. त्या खणाला कुलूप आहे, हेच मला आजवर ठाऊक नव्हतं. मग फोन वाजला की हे जिन्यात जाऊन बोलायला लागले. पुस्तकातला नवराही जिन्यातच बोलायचा. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसायची आणि वाटायचं, एवढा संसार केला तो कोणाबरोबर? पुस्तक बंद करून ठेवावं तर तेही जमेना, आणि पुढे वाचायचा धीरही होईना. निम्म्यावरच अडकले.

शेवटी मला येतं ते मी केलं. त्यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशाला एक कच्चा टाका घातला. खिसा उघडला तर टाका तुटणार आणि मला कळणार. दुसऱ्या दिवशी ते बाहेरून आल्यावर जाकीट तपासलं. टाका जागच्या जागी. हुश्श म्हणणार, तेवढ्यात बोटाला काहीतरी लागलं. टाक्याला गाठ होती. कच्चा टाका नंतर ओढून काढायचा असतो, म्हणून मी त्याला कधीच गाठ मारत नाही. आणि ही गाठ इतकी बारीक होती, की ती चिमट्याशिवाय बसलीच नसती. यांनी खिसा उघडला होता, आणि मला कळू नये म्हणून परत शिवला होता.

त्या संध्याकाळी चहा आणला. कप टेबलावर ठेवून मी कपाटाकडे वळले आणि आरशात दिसलं, ते हळूच कप बदलत होते. माझा त्यांच्यापुढे, त्यांचा माझ्यापुढे.

"कप का बदललात?"

कपावरचा हात काढत म्हणाले, "तू शेवट वाचलास का?"

"कसला शेवट?"

"पुस्तकाचा. नवरा नाही काही करत. बायको करते सगळं. घाबरल्याचं सोंग करते आणि त्याच्या चहात..." बोलता बोलता त्यांची नजर त्या खणाकडे गेली.

मग एकेक बाहेर आलं. मी कपडे पोचवायला गेले की हे पुस्तक वाचत होते. इतकी वर्षं नावं ठेवल्यावर कबूल कसं करणार, म्हणून दोरा चुकीच्या पानात ठेवून मलाच विसराळू ठरवलं. माझ्याआधी वाचून संपवलं. आणि वर मान केली, तर मी समोरून टक लावून बघतेय, बोलत नाही, जेवत नाही. आधी आपलं आपल्यालाच हसू आलं, म्हणाले. तरी कुलूप लावलं. जिन्यातून धाकटीला विचारत होते, तुझ्या वहिनीला काही होतंय का. मग रुमाल काढायला गेले, तर खिसा शिवलेला.

खणात माझ्यापासून लपवलेलं काहीतरी आहे, असं मी समजत होते. लपवलेलं काहीच नव्हतं. कुलूपच माझ्यासाठी होतं.

हसायला हवं होतं, पण मला रडू आलं. "जन्मभर माझ्या हातचं खाल्लंत," मी म्हणाले.

"आणि तू माझा खिसा शिवलास," ते म्हणाले.

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण पुढे सरकेना. त्यांनी खणाचं कुलूप काढलं, किल्ली माझ्या मशीनवर आणून ठेवली. मीही कात्री घेऊन त्यांच्यादेखत ती गाठ कापली. झालं गेलं विसरून जाऊ, असं ते म्हणाले. मी मान हलवली. दोन्ही कपांतला चहा पार गार झाला होता. परत ठेवते म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

मागोमाग हेही आले. बसा, आणते, म्हटलं. "असू दे, सहज आलो," म्हणाले.

इतक्या वर्षांत चहा होताना हे कधी ओट्यापाशी आले नव्हते. उकळी येईपर्यंत उभे राहिले. मी दोन कप भरून ओट्यावर ठेवले आणि हात मागे घेतला.

"तुमचा तुम्ही उचला," म्हटलं.