एकच दार बंद

शाळेच्या व्हरांड्यात खांबाला टेकून तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. वळणावरून काढलेला फोटो होता. मधे गढूळ पाणी चढत आलेली गल्ली, दोन्ही बाजूंना घरं आणि घरांची दारं एकजात उघडी. फोटो तिनं केव्हाच मॅडमना पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘सगळी उघडी आहेत!’ उद्गारचिन्हांची कंजुषी केली नव्हती.

मॅडम म्हणजे तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक. संकट आलं की माणसं कशी वागतात, याच्या अभ्यासात त्यांची हयात गेली होती आणि त्या हयातीचं सार त्या एका वाक्यात सांगत. लोक बोलतात एक आणि करतात एक. धरणाखालच्या या गल्लीबद्दलही त्यांना तीच खात्री होती.

मागच्या पुरात गल्लीतली माणसं घरं तपासायला गेली, ती बंद दारं फोडत बसली. आत कोणी नव्हतं. तोवर टोकाच्या घरातली शिंपीण, जी खरोखरच आत होती, ती गेली. त्यानंतर गल्लीनं आपल्यापुरता एक नियम केला. भोंगा झाला की निघायचं आणि निघताना दार सताड उघडं टाकायचं. उघडं दार म्हणजे घर रिकामं. बंद दार म्हणजे आत माणूस. भांडीकुंडी, टीव्ही, कपाट, सगळं रस्त्यावरच्या कुणाच्याही नजरेला पडो, दार मात्र उघडं.

“सराव करताना उघडी टाकतील गं,” मॅडम म्हणाल्या होत्या. “खरी वेळ आली की बघ, कशी बंद होतात ती.”

खरी वेळ आज दुपारी आली होती आणि दारं बंद झाली नव्हती. म्हणजे मॅडम चुकल्या आणि गल्ली जिंकली. या आनंदात ती फोटो पुन्हा पुन्हा बघत होती, आणि तेव्हा तिला ते दिसलं. डावीकडच्या ओळीत, मधोमध, एक दार बंद होतं.

पहिल्या क्षणी तिला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला गंमत वाटली. सापडला म्हणायचा एक जण, नियम मोडणारा! कोण असेल? तिनं बोटं आणखी फाकवली. चित्र विरघळल्यासारखं झालं आणि मग स्थिरावलं. निळं दार. पायरीवर फुटक्या बादलीत लावलेली कोरफड.

त्या कोरफडीला आज सकाळीच तिनं पाणी घातलं होतं.

तिचा हात आपोआप बोटं मिटून पुन्हा उघडायला लागला. मग त्या हाताला आठवलं. ती जिच्या घरी भाड्यानं राहायची त्या काकू दार उघडं टाकून कधीच पुढे गेल्या होत्या. तीही निघाली होती. पण नळाच्या कोंडाळ्यापाशी पोचल्यावर रेकॉर्डर वरच्या खोलीत राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून ती पळत मागे फिरली. टेबलावरून रेकॉर्डर उचलला, लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवली, बाहेर आली आणि जाता जाता मागे हात करून दार ओढलं. लॅच खट्‌कन लागला. इतकी वर्षं वसतिगृहं आणि भाड्याच्या खोल्या यांत काढलेलं माणूस दार ओढतंच. डोक्याला त्याची खबरही नसते. ज्या नियमावर तिनं चाळीसेक पानं खरडली होती, तो गल्लीत मोडला होता फक्त तिनं.

आणि आज घरं तपासायची पाळी काकांची होती.

काका म्हणजे तिचे घरमालक. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त. त्यांच्या सोबतीला गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला न्हावी. दोघं खालच्या टोकापासून वर येत होते. मागच्या पुरात ती रिकामी घरं फोडणाऱ्यांत काका होते. मुलाखतीत त्यांनी त्याबद्दल फार काही सांगितलं नव्हतं. इतकंच म्हणाले होते, “आता बंद दार दिसलं की मी तिथून हलायचा नाही. मग पाणी गळ्याला लागो.” हे वाक्य तिनं ठळक अक्षरांत टिपलं होतं. उत्तम वाक्य मिळालं म्हणून त्या दिवशी ती खुशीत होती.

तिनं काकांना फोन लावला. रिंग वाजली ती चार पावलांवर, सतरंजीवर बसलेल्या काकूंच्या पिशवीतून.

“अगं, कशाला फोन करतेस?” काकू म्हणाल्या. “यांचा फोन माझ्याकडेच आहे, घराच्या किल्लीसकट. भिजेल म्हणून दिला. स्वतः भिजले तर चालतं, फोन नको.”

तिनं न्हाव्याचा नंबर लावून बघितला. तो लागेना.

“काकू,” ती म्हणाली, “आपलं दार...”

“उघडंच टाकलंय बाई, सताड. भिंतीला टेकवून आले.” काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तोंड का असं झालंय तुझं? काही खाल्लंस का सकाळपासून?”

सांगायचं ते तिच्या ओठांपर्यंत आलं. पण सांगितलं असतं तर काकू तशाच उठून उतार धरत्या, दुखऱ्या गुडघ्यासकट. काका आपल्या बायकोसाठी दार फोडत उभे असतील, आणि बायको इथे सतरंजीवर बसून तिच्या जेवणाची चौकशी करतेय.

तेवढ्यात किराणावाला मोजणी करत त्यांच्यापर्यंत आला. प्रत्येक घरातली माणसं मोजायचं काम त्याच्याकडे होतं. गल्लीत कुणाच्या घरी किती तोंडं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

“काकू, तुमच्याकडचे?”

“मी आलेय. हे खाली आहेत, यांचं काम उरकलं की येतील.”

“आणि ताई?”

“मला नका धरू,” ती घाईनं म्हणाली. सरावाच्या वेळीही ती हेच म्हणाली होती. “मी इथली नाही.” आणि काकूंच्या हातात रेकॉर्डर, फोन आणि खांद्यावरची पिशवी कोंबून ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली.

“अगं, कुठे निघालीस?” मागून काकूंचा आवाज आला. तिनं वळून बघितलं नाही.

निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं. उभं राहायचं, बघायचं, टिपून घ्यायचं. मॅडमनी ते इतक्यांदा बजावलं होतं की उतारावरून धावतानाही तिला ते ऐकू येत होतं. चपलेचा अंगठा तुटला. तिनं दोन्ही चपला तिथेच टाकल्या.

वळणावर दोर बांधून एक पोलीस उभा होता.

“खाली जायचं नाही.”

“काका आहेत खाली माझे.”

“ते येतील त्यांचे ते. धरणाचे आणखी दरवाजे उघडलेत, पाणी वाढणार आहे.”

“त्यांना वाटतंय आत माणूस आहे. ते येणार नाहीत! मी सांगितल्याशिवाय ते येणार नाहीत हो!”

ती रडतेय हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पोलिसानं खाली गल्लीकडे पाहिलं आणि दोर उचलून धरला. “कडेकडेनं जा,” तो म्हणाला. “मधे गटार आहे.”

वरची चार घरं कोरडी होती. त्यापुढे पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. भिंतीला हात लावत ती चालत होती. एरवी या घरांत तिनं विचारून, पायपुसण्यावर पाय पुसून प्रवेश केला होता. आता पाणी बिनदिक्कत आत शिरत होतं. एका घरात भिंतीवरचं घड्याळ नेमानं चाललं होतं. एका घरात दोरीवर घड्या न घातलेले कपडे तसेच होते. उघड्या कपाटात साड्यांची चळत दिसत होती. मुलाखतीत ज्या बाईनं त्या चळतीवरून तीनदा हात फिरवला होता, तिनंही दार उघडं टाकलं होतं. कुणी कुणी काय काय मागे टाकून गेलं होतं, आणि तिला एक दार उघडं ठेवता आलं नाही.

पाणी मांड्यांपर्यंत आलं. तिला ठोकल्याचा आवाज आला. लोखंडावर लोखंड. आणि मग काकांचा आवाज. बस चालवताना मागच्या दारातल्या पोरांवर ओरडून कमावलेला तो आवाज पाण्यावरून स्पष्ट आला.

“प्रश्नावली! ए प्रश्नावली! ऐकू येतंय का?”

ती होती तिथे थांबली.

हे नाव त्यांनीच तिला ठेवलं होतं, पहिल्याच आठवड्यात. संध्याकाळी दारात बसून ते मोठ्यानं विचारत, काय प्रश्नावली, आज कुणाला छळलंस? मग सगळी गल्लीच तिला त्या नावानं हाक मारू लागली. तिला ते फारसं आवडलं नव्हतं.

“गजांतून हात काढ बाहेर! नुसता हात काढ! प्रश्नावली!”

ती भिंतीच्या आधारानं पुढे सरकली. निळ्या दाराशी पाणी कमरेला लागत होतं. काका खिडकीच्या गजांत पहार घालून सगळ्या अंगाचा जोर देत होते. खांद्याजवळ सदरा फाटला होता, कोपरावरून रक्त ओघळत होतं. न्हाव्यानं एका हातानं विजेचा खांब धरला होता आणि दुसऱ्या हातानं काकांच्या कमरेचा पट्टा.

“काका, चला आता,” न्हावी म्हणत होता, “हात जोडतो. नसेल हो ती आत.”

“आत आहे. परत गेली होती, ते मशीन आणायला. मी कोपऱ्यावरून पाहिलं ना तिला आत जाताना!” त्यांनी पुन्हा पहारेवर जोर दिला. “बाहेर आलेली नाही पाहिलं. चक्कर येऊन पडली असेल. खाते कुठे काय ती.”

“काका!”

तिचा आवाज तिलाच ऐकू गेला नाही. तिनं पुन्हा ओरडून हाक मारली.

काकांनी मान वळवली. तिच्याकडे बघत राहिले. पहार त्यांच्या हातातून सुटली आणि बुडाली. मग ते इतक्या जोरात खेकसले की न्हावी दचकला.

“कार्टे! तू बाहेर काय करतेयस?”

परत येताना न्हावी पुढे, मधे ती, मागे काका. गटाराच्या झाकणापाशी तिचा पाय घसरला, तेव्हा मागून एका हातानं तिची मानगूट धरली आणि वळणावर पाणी संपेपर्यंत सोडली नाही. पोलिसानं दोर उचलून धरला. तिघं पलीकडे गेल्यावर तो म्हणाला, “मिळाले का काका?” तिनं मान हलवली.

शाळेच्या व्हरांड्यात काकूंनी आधी काकांना फैलावर घेतलं, मग तिला. मग कुणाकडून तरी पंचा मागून आणला आणि तिचं डोकं खसाखसा पुसायला घेतलं.

“दार मी ओढलं,” पंच्याखालून ती म्हणाली. “सवयीनं. कळलंसुद्धा नाही मला.”

“हं,” काका म्हणाले. ते कोपराला चिंधी बांधत होते.

“मला वाटलं, तुम्ही काकूंना शोधताय.”

“हिला कशाला शोधू? ही माझ्यासमोरून वर गेली, मला शिव्या घालत.” त्यांनी दातांनी गाठ आवळली. “हिला वाट माहितीय. तुला कुठे काय माहितीय?”

गल्लीतलं कोण पळू शकतं, कुणाला उचलावं लागतं, कुणाला ऐकू येत नाही, हे सगळं तिनं वर्षभर विचारून ठेवलं होतं. आपल्यालाही कुणी असं ध्यानात ठेवत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

काकूंकडे दिलेला तिचा फोन वाजला. मॅडम होत्या.

“फोटो बघितला. अगं, एक दार बंद आहे! डावीकडे बघ, मधोमध. मी म्हटलं नव्हतं तुला? आता असं कर, आधी त्या घरातल्यांची मुलाखत घे. ताजी ताजी. कुणाचं घर आहे ते?”

तिनं काकांकडे पाहिलं. ते बूट उलटा करून त्यातलं पाणी काढत होते. काकू पंचा पिळत होत्या.

“माझं,” ती म्हणाली.

“तुझं? म्हणजे?”

“मी ओढलं, मॅडम. नंतर सांगते.” तिनं फोन ठेवला.

किराणावाला पुन्हा मोजणी करत आला. आता सगळे वर आले होते, एकदाचा आकडा पक्का करायचा होता.

“काकू, तुमच्याकडचे दोन. बरोबर? ताईंना धरायचं नाही.”

काकूंनी तोंड उघडलं. पण त्या काही म्हणायच्या आतच ती म्हणाली,

“धरा.”

किराणावाल्यानं मान हलवली, ओठांतल्या ओठांत बेरीज केली आणि पुढच्या घोळक्याकडे गेला.