व्हॅक्यूम मंडळाची पहिली बैठक

"आई, एवढे डबे कायले पायजे तुले?" म्हणत सचिनने पलंगाखालून तिसरा व्हॅक्यूम क्लीनर ओढून काढला. नालवाडीतल्या त्यांच्या अंगणात तानबा भंगारवाला काटा घेऊन उभा होता.

कोकिळाबाई दारात आडव्या आल्या. "सातच्या सात चालतात. हात नको लावू."

सरकारी विश्रामगृहात त्यांनी अठ्ठावीस वर्षं सफाई केली होती. कंबर कामातून जायच्या बेताला आली, तेव्हा तिथे हे मशीन आलं. आणि जन्मभर वाकून झाडणाऱ्या कोकिळाबाई पहिल्यांदा ताठ उभ्या राहून काम करू लागल्या. निवृत्तीनंतर मोडकं मशीन कुठे दिसलं की त्यांना राहवत नसे. घरी आणायचं, पुसायचं, मोटारीतले झिजलेले कार्बनचे तुकडे बदलायचे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत. अलीकडे सचिन डॉक्टरला दाखवू म्हणत होता, आणि आपलं डोकं खरंच फिरलं की काय, अशी धास्ती त्यांनाही वाटू लागली होती.

तानबाने काटा खाली ठेवला. "काऊन भांडता बाप्पा? नाचणगावचे बाबाराव मास्तर बी हेच घेतात माह्याकडून. पाच हायेत त्यांच्यापाशी."

"खरं सांगून राह्यला?" कोकिळाबाई मटकन पायरीवर बसल्या आणि इतकं मोकळं हसल्या, की सचिनने हातातलं मशीन मुकाट्याने परत पलंगाखाली सरकवलं.

रविवारी तोच त्यांना मोटारसायकलवर नाचणगावला घेऊन गेला. मास्तरांनी पाचही मशीनं सतरंजीवर मांडून ठेवली होती. तासभर दोघं नळ्या, ब्रश आणि मोटारींविषयी एकमेकांचं वाक्य तोडत बोलत राहिली.

"ताई, मले वाटे मीच एकटा असा," मास्तर म्हणाले. "आता मंडळच काढू. दर महिन्याच्या पयल्या रविवारी बसू. तानबा तिसरा मेंबर."

सचिनने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर तिन्ही नावं लिहिली.

कोकिळाबाईंनी निळं मशीन हातात तोलून पाहिलं आणि त्याच्या झाकणाला हात घातला. "याची पिशवी गच्च भरली, भाऊ. रिकामी करून देऊ?"

"नाई, नाई!" मास्तरांचा हात झटकन झाकणावर आला. मग खाली बघत ते म्हणाले, "आमच्या घरवालीनं, अनुसयेनं शेवटचं घर साफ केलं, तवाची धूळ हाये ते. चार वर्षं झाली तिले जाऊन. पोरीलेही नाई सांगितलं मी. तेही म्हणन, बाप येडा झाला."

कोकिळाबाईंनी पदराने झाकण वरवर पुसलं, दोन्ही खटके पक्के बसलेत का ते दाबून पाहिलं, आणि मशीन उचलून भिंतीपाशी, ऊन येणार नाही अशा जागी ठेवलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "याले कोणी उघडणार नाई."

मास्तरांनी लांब श्वास सोडला आणि चहा मांडायला आत गेले.